बाकी शून्य
४२९४९६७२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दोनाचा बत्तिसावा घात आणि वर एक. १६४०मध्ये फर्माने पत्रांतून कळवले होते की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असणार. सिद्धता हाती नाही, हेही त्याने लपवले नव्हते. ही त्या मालिकेतली सहावी.

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून चौकटीच्या वहीत ती तपासायला घेतली. सरधोपट मार्गाने जायचे तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६५५३६च्या आतल्या, प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावे लागते. अशा मूळ संख्या ६५४२ आहेत. सुदैवाने ऑयलरचा नियम मदतीला येतो: हिला भाग जाणारी मूळ संख्या ६४च्या कुठल्यातरी पटीत एक मिळवूनच आलेली असते. म्हणजे ७, ११, १३ यांच्या वाटेला जायलाच नको. ६५ पाचाच्या पाढ्यातली, १२९ तीनाच्या, दोन्ही बाद. खरी सुरुवात १९३पासून.

१९३ने भागले, बाकी १०९. २५७ने बाकी २. इतकी लहान बाकी पाहून उगाच आशा वाटते, पण तिला काही अर्थ नाही. ४४९ने ३२५, ५७७ने २८८. मधल्या ३२१, ३८५, ५१३ मूळ नाहीतच. मग ६४१.

४२९४मध्ये ६४१ सहा वेळा, ३८४६ वजा, उरले ४४८. ९ खाली घेतला, ४४८९. सात वेळा ४४८७, उरले २. ६ घेतला, २६. भाग जात नाही, वर शून्य. ७ घेतला, २६७, पुन्हा शून्य. (घाईत यातले एखादे शून्य हमखास गळते.) २ घेतल्यावर २६७२, चार वेळा, उरले १०८. ९ घेऊन १०८९, एकदा, उरले ४४८. आता शेवटचा ७ खाली आला की ४४८७, आणि ६४१ची सातपट मघाशीच काढलेली आहे. वजाबाकी करायच्या आधीच निकाल कळतो. भागाकार ६७००४१७.

ऑयलरने हे १७३२मध्ये सेंट पीटर्सबर्गला जाहीर केले. त्याचे लक्ष इकडे वेधले होते गोल्डबाखने. मला नवल वाटते ते फर्माचे. ज्या प्रमेयातून ही चाळणी निघते ते त्याचेच, तेही १६४०च्याच पत्रातले, आणि काम होते जेमतेम पाच भागाकारांचे.

६४१च का, हे भागाकार न करताही दिसते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६सुद्धा. पहिल्या मांडणीवरून, ६४१ने भागताना ५ × २⁷ची जागा −१ घेतो. चौथा घात केला की ६२५ × २²⁸च्या जागी १ येतो. दुसरीवरून ६२५च्या जागी −१६ चालतो. मग −२³² आणि १ यांची बाकी एकच, म्हणजे २³² + १ला भाग गेलाच पाहिजे.

उरला ६७००४१७. पुढे ल्युकाने चाळणी आणखी बारीक केली, ६४च्या जागी १२८. तिच्यातून ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढेच तपासायचे उरतात. एकानेही भाग जात नाही, म्हणजे तो मूळ. ६५५३७च्या पुढे या मालिकेत मूळ संख्या आजवर एकही सापडलेली नाही.

सुरुवातीच्या आकड्यातून दोन वजा केले तर मात्र ४२९४९६७२९५ हा फर्माच्या त्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार निघतो. गाउसच्या निकषाप्रमाणे नुसत्या पट्टी-कंपासने काढता येणारी, विषम बाजूंची सर्वांत मोठी ज्ञात सुसम बहुभुजाकृती नेमकी तेवढ्याच बाजूंची.