मक्याचं इथेनॉल, उसाचा रस आणि उकळत्या पाण्यात टिकणारं एन्झाइम

धाराशिव : भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की तो गोडसर लागायला लागतो. ही गोडी येते कुठून? ज्वारीत स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. आपल्या लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम ही माळ तोडतं.

हेच काम कारखान्यातही करावं लागतं. मक्यापासून इथेनॉल करताना मक्याचं पीठ पाण्यात कालवून साधारण ८५ ते १०५ अंशांपर्यंत तापवतात. स्टार्चची साखर झाल्याशिवाय यीस्टला ती आंबवता येत नाही. पण एवढ्या उष्णतेत लाळेतलं अमायलेज टिकत नाही. अंडं उकडल्यावर जसं पुन्हा पातळ होत नाही, तसं तेही एकदा तापलं की कामातून जातं.

म्हणून उष्णता सोसणाऱ्या जीवाणूंचं अमायलेज वापरतात. 'बॅसिलस लायकेनिफॉर्मिस' या जीवाणूचं अमायलेज ९० अंशांच्या वरही काम करतं.

साखर कारखान्यातही त्याचा उपयोग होतो. उसाच्या हिरव्या शेंड्यात आणि पाल्यात स्टार्च जास्त असतो. तो रसात उतरला की रस चिकट होतो, साखरेचे दाणे उशिरा पडतात. मग गरम रसात अमायलेज टाकावं लागतं. तोडणीवेळी शेंडा नीट छाटण्याचं हेही एक कारण आहे.

असे चिवट सूक्ष्मजीव सापडतात कुठे? नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचं पाणी खारट आणि सोड्यासारखं आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मिठात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचं कारण असल्याचं दिसलं. खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात टिकणारी एन्झाइमं कपडे धुण्याच्या पावडरीत कामी येतात. वरण-भाताचा डाग त्यांनी निघतो.

यात पैसाही मोठा आहे. कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीत वापरलेलं एन्झाइम मुळात अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्याच्या जीवाणूचं. त्यावर कंपन्यांनी भरपूर कमावलं, उद्यानाला मात्र वाटा मिळाला नाही.

आपल्याकडे यासाठी जैवविविधता कायदा, २००२ आहे. त्यात झाडं-जनावरांबरोबर सूक्ष्मजीवही येतात. कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. व्यापारासाठी कुणी गावातून असं काही नेत असेल, तर समितीला शुल्क आकारता येतं.

गावात जुना झरा असेल, चोपण किंवा खारवट जमीन असेल, तर तिची नोंद या वहीत आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन एकदा बघून घ्या. नोंदच नसेल, तर उद्या हक्क सांगणार कशावर?