ऊसतोडणीचे यंत्र कोणाच्या मालकीचे?

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठेही जा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोपीचे सामान, वर पोरेबाळे, आणि गाड्या निघाल्या सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत दारांना कुलपे. शिक्षक मित्रांनो, तुम्हांला हे हजेरीपटावरूनच कळते. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, हेही तुम्ही जाणता. दोन माणसांचे नाव हत्याराच्या नावात बुडाले आहे, ते असे.

आता त्या कोयत्याच्या फडात यंत्र उतरले आहे. ते ऊस बुडापासून कापते, त्याची कांडी करते, पाचट उडवून लावते आणि कांडी शेजारच्या ट्रॉलीत टाकते. जमीन सपाट, सरीतले अंतर मोठे आणि वाफसा चांगला असला, तर ते दिवसाला शंभर टनांच्या आसपास ऊस तोडते. एक कोयता पहाटेपासून राबला तरी दोन टनांच्या आगेमागे. म्हणजे एक यंत्र बसले, की पन्नास कोयते उठले. लहान तुकड्यांत आणि ओल्या काळ्या रानात ते अडते. कांडी लवकर गाळली नाही तर साखर उतरते. वाढेही हाती लागत नाहीत. म्हणून सगळे कोयते काही एका हंगामात उठणार नाहीत. पण दिशा ठरलेली आहे.

माझ्या वर्गात भांडवलशाही, समाजवाद आणि साम्यवाद हे तीन शब्द मी फळ्यावर लिहितो, तेव्हा मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात. एकदा ऊसतोड्याच्या मुलाने विचारले, ''सर, यंत्र आलं तर आमची आई घरी राहील, ते चांगलंच. पण मग उचल कोण देईल?'' तेव्हापासून मी हे तिन्ही शब्द त्या यंत्रावरूनच शिकवतो.

पहिली गोष्ट, कोयत्याचा उगाच उमाळा आणू नये. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळी आली म्हणून खाडा करावा, तर दंड. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढायचे, ते गरोदरपणीसुद्धा. असले काम यंत्राने केले तर रडायचे कशासाठी? रडायचे ते कामासाठी नव्हे, मजुरीसाठी.

भांडवलशाहीचे उत्तर सरळ आहे. ज्याने पैसा घातला, यंत्र त्याचे. टनामागचा पैसाही त्याचा. या पद्धतीचा एक गुण मान्य केला पाहिजे: नफा दिसला की यंत्र झपाट्याने येते. मात्र उठलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न तिच्या वहीत नसतो. मुंबईच्या गिरण्यांत हेच घडले. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, असे विणकरांना सांगण्यात आले, आणि १९२८ साली गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. त्या संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. कामगारांचे भांडण मागाशी नव्हते. तिसऱ्या मागाची कमाई कोणाकडे जाते आणि त्यापायी घरी कोण बसतो, हे ते विचारत होते.

साम्यवाद म्हणतो, यंत्र सर्वांचे. ऐकायला गोड. रशियात १९३० च्या सुमारास सरकारी यंत्र-ट्रॅक्टर केंद्रे निघाली. सामुदायिक शेतांची नांगरणी-कापणी ती करीत आणि मोबदला धान्यात घेत. यंत्र सर्वांचे खरे, पण किल्ली केंद्राच्या अधिकाऱ्याच्या खिशात! शेवटी १९५८ साली ख्रुश्चेव्हच्या राजवटीत ती यंत्रे शेतांनाच विकून टाकावी लागली. आज चीनमध्ये राज्य साम्यवादी पक्षाचे आहे, आणि अलीकडच्या वर्षांत जगात नव्याने बसणाऱ्या कारखानी रोबोंपैकी निम्म्याहून अधिक तिथेच बसले आहेत. कारखाने मात्र नफ्यावर आणि मजुरीवर चालतात. तेव्हा पाटीवरचे नाव वाचून आतला हिशोब कळत नाही, बरं का.

समाजवादाचा एक आराखडा आपल्या घरचाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करावा असे मांडले. जमीन राज्याची, कसणारे गावकरी गटाने, आणि पाणी, बियाणे, खत, अवजारे राज्याने पुरवायची. भूमिहीनाला मजूर म्हणून नव्हे, तर कसणारा म्हणून त्यात जागा होती. तो आराखडा घटनेत आला नाही. महाराष्ट्राने वाट धरली ती सहकाराची. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला. शेतकरी स्वतः मालक झाला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हा सहकार बांधापर्यंत येऊन थांबला. ऊस लावणारा सभासद झाला. ऊस तोडणारा मुकादमाच्या वहीतच राहिला.

मग आज यंत्र कोणत्या पद्धतीने येत आहे? २०२३ साली राज्य सरकारने यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांपैकी जे कमी ते अनुदान देण्याची योजना काढली. यंत्र कोटीच्या घरातले. पैसा सर्वांच्या तिजोरीतला, मालकी मात्र ज्याची पत बँकेत चालते त्याची. याला समाजवाद म्हणावा की भांडवलशाही, तुम्हीच ठरवा. मी तरी याला अर्धवट म्हणतो.

आता जरा हिशोब करू. यंत्र एक कोटीचे धरले आणि अनुदान पूर्ण मिळाले, तर उरले ६५ लाख. उठलेल्या पन्नास कोयत्यांवर वाटले, तर जोडीमागे १ लाख ३० हजार. आजकाल एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात जाते. म्हणजे ज्या रकमेपायी जोडपे हंगामभर बांधले जाते, जवळजवळ तेवढीच रक्कम त्याला यंत्राचे भागीदार करू शकते. त्या योजनेत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना जागा होती. तोडणाऱ्यांच्या संस्थेला का नसावी?

पण पुढचाही हिशोब लपवू नये. टनाला पैसा तेवढाच मिळाला, तरी त्यातून डिझेल जाईल, चालकाचा पगार जाईल, बँकेचा हप्ता जाईल. यंत्र बिघडले तर दुरुस्ती. उरेल त्यात पन्नास घरे चालणार नाहीत. भागीदारीला जोड हवी गावातल्या सहा महिन्यांच्या कामाची. १९७२ च्या दुष्काळाने हा धडा दिला होता, आणि वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. शिवाय दुसरा एक आधार आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यावेत आणि तेवढेच सरकारने घालावेत, असे ठरले. यात एक खुबी आहे. ही रक्कम टनावर आहे, कोयत्यावर नाही. ऊस हाताने तुटो की यंत्राने, ती द्यावीच लागते. यंत्राच्या कमाईतला वाटा उठलेल्या माणसाकडे वळवायचा असेल, तर ही नळी आधीच घातलेली आहे. फक्त तिचे तोंड फार अरुंद आहे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली. ती कोयत्याच्या दराची बोलणी होती. पुढची बोलणी होतील तेव्हा तुमच्या गावचा मुकादम आणि पुढारी तिथे असतील. त्यांना जाण्याआधीच पारावर विचारा, की यंत्राच्या टनावर तुम्ही काय मागणार आहात.