तेरची मडकी आणि भूमची पेटी

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबिजेला मी मुलीला घेऊन भूमला माहेरी गेले, तर दारातच आमच्या दादाचे आणि वहिनीचे बोलणे कानावर पडले. माळ्यावरचे सारे सामान उतरवून ओसरीत मांडले होते. जुन्या घराचे माळवद पाडून तिथे स्लॅब घालायचा होता, तेव्हा ही अडगळ निकालात काढणे भागच होते. पाय तुटलेला चौरंग, दोन लाकडी अधोल्या, पोचे आलेले एक तांब्याचे घंगाळ, दौतीची बैठक, आणि या सर्वांच्या मधोमध आजोबांची पत्र्याची पेटी. पेटीत कागद होते. काही मोडीत लिहिलेले, काही उर्दूत. वाचता कोणालाच येत नव्हते.

"मोडी कागद मोडीत द्यायचे, दुसरे काय!" दादा म्हणाला. विनोद बरा होता म्हणून आम्ही हसलो. भंगारवाला सोमवारी येणार असे ठरलेही.

मधे दोन दिवस मोकळे होते. मुले कंटाळली होती. कुंथलगिरीला आम्ही दरवर्षी जातो. तिथला डोंगर आणि तिथला पेढा ही दोन्ही मुलांची पाठ झालेली ठिकाणे, त्यातल्या त्यात पेढा जास्त. म्हणून वहिनीच म्हणाली, "वन्सं, या खेपेला तेरला जाऊ या. गोरोबाकाकांचे दर्शन होईल, आणि पोरांना ते संग्रहालयही दाखवता येईल." मी मनातून फारशी उत्सुक नव्हते, हे कबूल केले पाहिजे. शहरात मुलांना घेऊन संग्रहालये पाहण्याचा माझा अनुभव काही गोड नाही. एका ठिकाणी तर दीड तासात "हात लावू नका" हे तीन शब्द आम्ही इतक्या वेळा ऐकले, की घरी आल्यावर माझ्या मुलीने आपल्या बाहुलीच्या कपाटावर तशीच पाटी लावली!

येडशीवरून आम्ही तेरला पोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. तेरणा नदीच्या काठचे हे गाव पाहून कोणाला वाटणार नाही, की दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या बाजाराचे नाव समुद्रापलीकडे ठाऊक होते. पण होते खरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराची एक माहितीपुस्तिका लिहून ठेवली आहे. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे शहर, असे तो सांगतो. या तगरातून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करीत होते, तरी आपल्या बिरुदांत 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे गाव सुटले तरी गावाचे नाव त्यांनी सोडले नाही. आपल्याकडे आडनावांचे तेच आहे!

हे तगर नेमके कोठे, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. कोणी देवगिरी म्हणाले, कोणी जुन्नर. शेवटी 1901 साली फ्लीट या संशोधकाने ते तेर आहे असे दाखवून दिले, आणि त्यानंतर हेन्री कझिन्सने इथली टेकाडे आणि देवळे नजरेखालून घातली. पण विद्वान येतात आणि जातात. गावात राहिला तो एक व्यापारी. त्याचे नाव रामलिंगप्पा लामतुरे.

या गृहस्थांविषयी मला आधी काहीच माहिती नव्हती, आणि त्याची मला लाज वाटली. तेरच्या सभोवार पांढऱ्या मातीची टेकाडे आहेत. पावसाळ्यात एखादी जोराची सर येऊन गेली की माती वाहून जाते आणि खालचे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, शिशाची नाणी, मातीची चित्रे उघडी पडतात. गावकऱ्यांना याचे नवल नव्हते. घराला माती लागली की टेकाडाचीच आणायची, आणि तिच्याबरोबर सातवाहनांचा एखादा मणी भिंतीत लिंपला जायचा. या वस्तूंची किंमत ओळखली ती लामतुऱ्यांनी. ते पदवीधर नव्हते की सरकारी अधिकारी नव्हते. निजामाच्या राज्यातल्या एका खेड्यातला हा व्यापारी माणूस. पण या वस्तू जमवण्याचा ध्यास त्याने आयुष्यभर बाळगला. त्या एका घरच्या छंदातून पुढे राज्य सरकारचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले. आज त्याला लामतुऱ्यांचेच नाव आहे, आणि त्यातल्या वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर जाते. 1958 साली चापेकरांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, नंतरही उत्खनने झाली. पण शास्त्राचे फावडे येण्याआधी जे पावसाने उघडे केले ते एका माणसाने सांभाळले नसते, तर त्यातले किती उरले असते?

आत गेल्यावर मोठ्या माणसांची नजर प्रथम जाते ती उत्तरेश्वराच्या देवळाच्या कोरीव लाकडी चौकटीकडे, आणि मग त्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीकडे. मूर्ती लहानशीच आहे. पण इटलीतले पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, तिथल्या एका घरात 1938 साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिची ही बहीण शोभावी. रोमन धाटणीचे मातीचे दिवे आहेत, रोमन नाण्यांच्या मातीत केलेल्या नकलाही आहेत. कोणा सोनाराला किंवा हौशी बाईला खरे नाणे परवडत नसेल, म्हणून मातीचे घडवून गळ्यात घातले असेल, असा माझा आपला तर्क. नकली दागिन्यांची हौस काही आजची नाही!

मुले मात्र या सर्वांपुढून भराभरा निघून गेली. दहा मिनिटांत माझ्या मुलीने "झालं?" असे विचारले. तेवढ्यात एक गुरुजी बारा-पंधरा मुलांना घेऊन आत आले. सुट्टीतच गावची पोरे गोळा करून टेंपोने आणली होती. हे गुरुजी काही बोलेचनात. त्यांनी प्रत्येक मुलाला एक कोरा कागद दिला आणि सांगितले, "एकच वस्तू निवडा. तिचे चित्र काढा. खाली तीन गोष्टी लिहा: ही कशाची केली, कोणाच्या घरात होती, आणि ती फुटली किंवा हरवली तेव्हा घरात कोण रडले." आमच्या दोघांनीही त्यांच्याकडून कागद मागून घेतले.

पाऊण तास त्या दालनात पेन्सिलींखेरीज आवाज नव्हता. माझ्या मुलीने मातीचा खुळखुळा निवडला. भाच्याने काठ फुटलेले एक साधे मडके. मग गुरुजींनी सर्वांना बाहेर सावलीत बसवले आणि मडक्यावरूनच सुरुवात केली. गोरोबाकाकांची गोष्ट कोणाला येते? सर्वांना येत होती. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी हातात थापटणे घेतले, एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले, आणि नामदेव कुरकुरले तेव्हा "हे मडके कच्चे" असा निकाल दिला. "आता ऐका," गुरुजी म्हणाले, "जमिनीतून खापर निघाले की उत्खनन करणारेही ते बोटाने वाजवून पाहतात. चांगले भाजलेले असेल तर खणखणीत वाजते, कच्चे असेल तर बद्द. गोरोबाकाका 1317 साली समाधिस्थ झाले. हे मडके घडवणारा कुंभार त्यांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे याच तेरणेची माती तुडवत होता. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पण काठावर त्याच्या बोटांची रेघ आहे, ती पाहिली का?"

भाच्याने ती पाहिली होती. चित्रातही काढली होती! गुरुजींनी ते चित्र उंच धरून सर्वांना दाखवले, तेव्हा पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तिथून आम्ही त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. हे देऊळ विटांचे, मागून हत्तीच्या पाठीसारखे गोल. मुळात ते बौद्धांचे चैत्यगृह असावे आणि पुढे तिथे विष्णू आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेरच्या काही जुन्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात. हे ऐकल्यापासून मुलांनी एकच धोशा लावला, की एक तरी वीट तेरणेत टाकून पाहू द्या. वहिनीने त्यांना ओढतच गोरोबाकाकांच्या समाधीकडे नेले.

समाधीपुढे हात जोडताना माझ्या मनात एक विचार आला, तो सांगते. चैत्र वद्य त्रयोदशीला काकांची पुण्यतिथी असते आणि त्या दिवसांत इथे मोठी यात्रा भरते. एका कुंभाराच्या पायाशी माणसे लांबलांबून येतात. आणि त्याच गावात हजारो वर्षांची मडकी, पणत्या आणि खेळणी कपाटात मांडलेली आहेत. यात्रेच्या दिवसांत संग्रहालयाच्या अंगणात एक चाक मांडावे, कुंभाराने त्यावर मडके घडवावे, आणि शेजारी सातवाहनांच्या वेळचे मडके ठेवावे. वारकरी बाईला निराळे व्याख्यान द्यावे लागणार नाही. ती स्वतःच सांगेल, की यात पाणी गार राहते की नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 साली एक मोटारगाडीच संग्रहालय करून गावोगावच्या शाळांत धाडायला सुरुवात केली. फार चांगले काम आहे ते. पण तेरला मोटारीचीही गरज नाही. लोक आपल्या पायांनी येतात, नुसते दार दाखवायचे आहे.

परतीच्या वाटेवर भाचा गप्प होता. येडशी मागे पडल्यावर त्याने विचारले, "आत्या, आपली पेटी कुणाच्या घरातली?"

सोमवारी भंगारवाला आला आणि घंगाळाची किंमत सांगू लागला, तर दोन्ही मुले सामानापुढे ठाण मांडून बसलेली. दादा चिडला. "वन्सं, तुम्हीच भरवलंत हे!" म्हणून वहिनी माझ्यावर घसरली. शेवटी तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत मिळाली. त्या संध्याकाळी सारी आळी आमच्याकडे येणार, तेव्हा ओसरीत वस्तू मांडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सारे विकायचे, असा तह झाला.

मुलांनी वहीची पाने फाडून चिठ्ठ्या लिहिल्या. 'अधोली. लाकडाची. पणजी यातून जोंधळे मोजायची.' 'घंगाळ. तांब्याचे. आजोबा यातल्या पाण्याने अंघोळ करत.' पेटीपुढे फक्त 'कागद. कोणालाच वाचता येत नाहीत' एवढेच होते. बातमी पसरली तशा शेजारणीही घरून काहीबाही घेऊन आल्या. एकीने शेवयांचा पाट आणला, एकीने निजामाचा हाली सिक्का आणला. तो पदराच्या गाठीतून सोडताना ती म्हणाली, "परत द्या हो, सासूबाईंची आठवण आहे."

मंगलाष्टके संपली, ऊस आणि चिंचा-आवळे वाटले गेले, आणि पलीकडच्या वाड्यातले आजोबा काठी टेकत ओसरीवर आले. ऐंशी कधीच ओलांडलेली. पेटीपुढची चिठ्ठी वाचून ते थांबले. "कोण म्हणतो वाचता येत नाहीत? आण इकडे."

आमच्या पिढीला विसर पडला आहे, पण 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या राज्यात होता, आणि उर्दू ही तिथली राज्यभाषा होती. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणसुद्धा उर्दूतून. आजोबांनी चष्मा पुसला आणि एकेक कागद उजेडात धरून वाचू लागले. सारा भरल्याची पावती. दुसरी पावती. मग एक लहानसा कागद हाती आला आणि ते बराच वेळ बोललेच नाहीत.

"अरे, ही तर तुमच्या बापाची परीक्षा," ते दादाला म्हणाले. "फसली 1356. म्हणजे तुमचे सेहेचाळीस-सत्तेचाळीस साल. हिशेबात पास. मराठीत पास. उर्दूत..." आणि हसू लागले.

आमचे वडील! जन्मात कधी नापास झालो नाही, असे सांगून ज्यांनी आम्हा भावंडांना गणितापायी छडीने फोडले, ते वडील!

"मीही त्याच साली नापास झालो," आजोबा म्हणाले. "दोघे मिळून घरी जायच्या भीतीने देवळामागे बसलो होतो. तुझ्या आजीने हुडकून काढले, आणि आधी जेवू घातले." त्यांनी तो कागद घडी न करता भाच्याच्या हाती दिला. वडिलांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. दादा उठून उगाचच समईची वात सारखी करू लागला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. दादाने त्याला चौरंग दिला. घंगाळ वहिनीने ठेवून घेतले, कल्हई करून आणते म्हणाली. पेटी घासून पुसून आतल्या खोलीत गेली. भाच्याने जुनी चिठ्ठी काढून टाकली होती. नवी लिहायला बसला होता, पण ती पुरी होईना, कारण पलीकडचे आजोबा रोज दुपारी येऊन आणखी एक कागद वाचून दाखवीत होते, आणि मोडी वाचणारे कोणी बार्शीला भेटते का, याची चौकशी दादा स्वतःच फोनवर करीत होता.