केसांची कड इतकी अवघड का?

पालघर-बोईसरच्या स्टुडिओत तारापूर एमआयडीसीतल्या नोकरीसाठी पासपोर्ट फोटो काढला, की मागचा निळा पडदा संगणकावर पांढरा करता येतो. त्यासाठी माणूस पडद्यापासून वेगळा कापावा लागतो. खांदे झटकन कापले जातात. घोडं अडतं ते केसांवर.

फोटोतला सुटा केस अनेकदा पिक्सेलहूनही बारीक असतो. त्या एका पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडा पडदा मिसळतो. म्हणून तो पिक्सेल निवडीच्या आत की बाहेर, हे विचारून भागत नाही. किती आत, हे ठरवावं लागतं. त्यासाठी ० ते २५५ अशा करड्या पायऱ्या वापरतात. हाच अल्फा चॅनेल. एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी तो १९७०च्या दशकात मांडला. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये त्याचं गणित पक्कं केलं.

या पायऱ्या देताना फोटोशॉपमधलं 'फेदर' सगळी कड सरसकट धूसर करतं, म्हणून केसांभोवती धुकट वलय उरतं. तिथलाच 'रिफाइन एज ब्रश' मात्र कडेच्या पट्ट्यात प्रत्येक पिक्सेलचा वेगळा हिशेब करतो. तरीही केसांवर पडद्याची निळसर झाक राहतेच. ती घालवायला 'डिकंटॅमिनेट कलर्स' हा पर्याय आहे, पण त्याआधीचा उपाय फुकटचा आहे: फोटो काढताना पडद्यापासून दोन पावलं पुढे उभे राहा.