आयाळीचा अहवाल वाचण्याआधी

घोडेगावाहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की डिंभे धरणाच्या अलीकडे शिनोली लागते. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात घोडीचा मान बैलगाडा शर्यतीशी बांधलेला आहे, कारण घाटात बैलांच्या पुढे घोडी धावते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. शर्यती परतल्या, तशी घोडीच्या खुराकाची चिंताही परतली. घोड्याच्या आयाळीचे केस तपासून कॅल्शियम, जस्त, तांबे किती कमी आहे ते सांगणाऱ्या चाचण्या जगात अनेक ठिकाणी होतात. सुई टोचावी लागत नाही, नमुना नासत नाही, म्हणून ही चाचणी कोणालाही भुरळ घालील. पण एकाच वेळी काढलेल्या केसाचा आकडा घोडीच्या तब्येतीचा निवाडा म्हणून वाचणं चूक आहे. त्या आकड्यात ऋतूचा वाटा मोठा असतो, आणि तो वेगळा काढल्याशिवाय औषधावर पैसे घालू नयेत.

केस त्वचेखाली तयार होत असतो तेव्हा रक्तातली खनिजं त्यात उतरतात. एकदा बाहेर आला की तो निर्जीव होतो आणि आतली नोंद तशीच राहते. मात्र घोड्याचे सगळे केस सारखे वाढत नाहीत. अंगावरचे केस दिवसाच्या लांबीप्रमाणे वर्षातून दोनदा बदलतात, तर आयाळ आणि शेपटी बारा महिने वाढतात, महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर. म्हणजे चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत त्वचेलगत कापलेल्या बारा सेंटिमीटर केसाचं टोक मागच्या आश्विन-कार्तिकातलं असतं. तो सगळा केस एकत्र दळून तपासला, तर हाती येते सहा महिन्यांची सरासरी. घोडीची आजची अवस्था तीत दिसत नाही.

त्या सहा महिन्यांत दावणीपुढचं खाणं पालटलेलं असतं. पावसाळ्यात हिरवं गवत, सुगीनंतर कडबा, शर्यतीच्या दिवसांत हरभऱ्याची चंदी. गव्हाचा कोंडा जास्त दिला तर स्फुरद वाढतं आणि त्यामानाने कॅल्शियम कमी पडतं. जमीनही बदलते: पश्चिमेकडे अतिवृष्टीने धुतलेली तांबडी माती, पूर्वेकडे काळी जमीन. तिथल्या चुनखडीच्या रानात जस्त पिकाला नीट मिळत नाही, मग वैरणीतही ते कमी उतरतं. त्यातच उन्हाळ्यात घोडीला घाम फुटतो. घोड्याच्या घामात सोडियम, पोटॅशियम भरपूर असतं. ते केसावर वाळतं आणि वर धूळ बसते. पहिल्या पावसात यातलं बरंचसं धुऊन जातं. केसाचा रंगही मधे येतो, कारण काळ्या केसातलं मेलॅनिन काही धातूंना धरून ठेवतं.

यावर कोणी म्हणेल, प्रयोगशाळेत केस धुऊनच तपासतात. खरं आहे, पण धुण्याने वरची धूळ जाते तसे आतले काही क्षारही निघतात, आणि केसात मुरलेलं सगळंच निघत नाही. ऑस्ट्रेलियातला नामवंत शर्यतीचा घोडा फार लॅप १९३२ साली अमेरिकेत मेला. त्याचं कातडं टिकवताना आर्सेनिक वापरलं होतं. त्यामुळे त्याच्या आयाळीत पोटातून आलेलं आर्सेनिक कोणतं आणि बाहेरून लागलेलं कोणतं, हे ठरवायला सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी केसाचा सूक्ष्म छेद पाहावा लागला. मरणापूर्वी सुमारे दीड दिवस त्याच्या पोटात आर्सेनिक गेलं होतं, असा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या चाचणीत एवढी बारकाई नसते.

मग रक्तच तपासावं, हा दुसरा आक्षेप. पण शरीर रक्तातलं कॅल्शियम हाडांतून काढूनही जागेवर ठेवतं. हाडं झिजत असताना रक्ताचा अहवाल चांगला येऊ शकतो. म्हणूनच केस टाकाऊ नाही. सेलेनियमसारख्या खनिजाचा दीर्घकाळचा अतिरेक केसात स्पष्ट उमटतो. पंजाबात होशियारपूर, नवांशहर भागातल्या सेलेनियमयुक्त जमिनीवरच्या चाऱ्याने जनावरांचे केस गळाले, खूर बिघडले. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं आहे. केसाच्या एका अहवालावर भिस्त ठेवून ते चारलं, तर घोडीचीच आयाळ आणि शेपटी झडू शकते.

तेव्हा शिनोलीसारख्या गावात घोडी पाळणाऱ्याने केस तपासायचेच ठरवले, तर त्याच घोडीचे, आयाळीच्या त्याच जागेचे, त्वचेलगतचे दोन-तीन सेंटिमीटर केस ज्येष्ठात, आश्विनात आणि माघात काढावेत. सोबत वैरण, चंदी, पाणी आणि मेहनत यांची नोंद ठेवावी. वर्षभराचे आकडे एकमेकांशी ताडले की ऋतूची चढउतार कळते. तिच्याबाहेर गेलेला आकडा पशुवैद्यकाने रक्त आणि वैरण तपासून पडताळावा आणि मगच खनिज मिश्रण ठरवावं. याला वर्ष लागेल, पण घाटात जीव तोडून धावणाऱ्या जनावराला अंदाजाने औषध चारण्याचा हक्क आपल्याला नाही.