नैराश्यावर गोळीच का?

मन लागत नाही, झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, अशी तक्रार घेऊन एखादी भगिनी दवाखान्यात जाते आणि दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर येते. डोक्यावर कर्ज आहे का, नवरा दारू पिऊन मारतो का, हे विचारायला डॉक्टरांना सवड कुठली? बाहेर रांग लागलेली असते!

मेंदूत सेरोटोनिन नावाचे रसायन कमी पडते म्हणून नैराश्य येते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०२२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जोआना मॉनक्रीफ व सहकाऱ्यांनी आधीचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा या समजुतीला ठोस पुरावा आढळला नाही. म्हणून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत. तीव्र आजारात त्यांनी अनेकांना सावरले आहे. पण प्रत्येक वेळी सुरुवात गोळीनेच का?

इंग्लंड दूर राहिले, शेजारच्या गोव्यात पाहा. तेथील 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्ण निवडले. नैराश्य साधे नव्हते, चांगलेच तीव्र होते. निम्म्यांना केंद्रातील नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याच उपचारांसोबत समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली तुमच्या-आमच्यासारखी माणसे होती. मन बरे झाले की कामाला लागू, असे आपण म्हणतो. यांचे म्हणणे उलट! आधी सुटलेले एखादे काम हाती घ्या, माणसांत जा, अडचणीतून वाट कशी काढायची ते मिळून ठरवू; मन मागून येईल. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ३९ टक्के, तर भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. या गटातील स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी आढळली. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. औषधाच्या दुकानात न मिळणारी ही गोष्ट आहे.

मात्र गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्रास उलटतो. डॉक्टरांना विचारा: या किती दिवस घ्यायच्या? सोबत समुपदेशन कोठे मिळेल? सरकारच्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते. आणि घरातील कोणी जीव द्यावासा वाटतो म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका, थेट दवाखान्यात न्या.