डोळे वटारले की विस्फारले?

चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याच्या चाचणीत साधारणपणे एक फोटो असतो आणि खाली ६ पर्याय: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. ही यादी रुजली ती पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाच्या कामामुळे. मग मराठीत चाचणी घ्यायची तर ६ शब्दांचं भाषांतर केलं की झालं?

इथेच गंमत आहे. एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. ५ म्हणजे वरची पापणी उचलणं. मराठीत मात्र तेवढं सांगून भागत नाही. घाबरून किंवा चकित होऊन उचलली तर डोळे 'विस्फारले', पाहुण्यांसमोर तिसरा लाडू उचलणाऱ्या पोराकडे बघून उचलली तर डोळे 'वटारले'. विस्फारलेले डोळे एकट्याचेही असू शकतात. वटारायला मात्र समोर कोणीतरी लागतं.

क्रमांक ९ म्हणजे नाकावर सुरकुती, किळसेची खूण. पण आपण नाक मुरडतो ते दुधी भोपळ्याला, आलेल्या स्थळाला. त्यात किळस कमी, नापसंती जास्त.

क्रमांक १८ म्हणजे ओठ आवळून पुढे काढणं, आपला 'तोंडाचा चंबू'. लवासात तळ्याकाठी सेल्फी काढणारे तो हौसेने करतात. फजिती झाली की तो आपोआप होतो! आयरिश भाषेत रुसून पुढे आलेल्या अशा तोंडाला 'पुस' हा वेगळा शब्दच आहे. तिथल्या इंग्रजीतही तो रुळलाय.

म्हणजे आपले हे वाक्प्रचार निव्वळ स्नायूंची नावं नाहीत आणि निव्वळ भावनांचीही नाहीत. चेहरा कोणापुढे, कशासाठी तसा झाला, हेही ते सांगतात.

याने फरक काय पडतो? अशा चाचण्या ऑटिझमच्या संशोधनातही वापरतात. समजा, फोटो बघून एखादं मूल म्हणालं, "आई डोळे वटारतेय." त्याला चेहरा नीट कळलाय, समोरचा प्रसंगही कळलाय. पण उत्तरपत्रिकेत फक्त 'राग' लिहिलेलं असेल, तर गुण कापले जाऊ शकतात. तेव्हा पर्याय पुढे करण्याआधी "काय दिसतंय?" एवढंच विचारावं आणि उत्तर मुलाच्याच शब्दांत लिहून घ्यावं. त्याचे गुण नंतर ठरवता येतील.